पाणाड्याचा शब्द

धोंडिबाने पायताण वाफ्याच्या कडेला काढून ठेवलं, नारळ तळहातावर आडवा धरला आणि चालायला सुरुवात केली. सोसायटीची वीस-बावीस माणसं गुपचूप मागे निघाली.

जमिनीत पाणी असलं की नारळ उभा राहतो म्हणतात. नळाला दहा दिवसांनी पाणी आणि टँकरवाला फोन उचलेना, अशा वेळी इंजिनिअर लोकसुद्धा नारळाला मान देतात. सोसायटीची मोकळी जागा एवढीच. तिच्यात कालिंदीने महिनाभर खपून मुरूम काढला होता, शेणखत कालवलं होतं, भेंडी-गवारीसाठी चार वाफे बांधले होते. होळी झाली की बी टोकायचं.

झटक्याने तिच्या नवऱ्याची, मुकुंदरावांची वाचा गेली त्याला दीड वर्ष झालं. घरात ते भिंतीकडे बघत बसत. वाफ्याशी खुर्ची टाकली की मात्र वाकून ढेकळं फोडत, आणि परवा चक्क "गवार" म्हणाले. कालिंदी तिथंच मातीत बसून रडली. हे वाफे गेले तर नवरा पुन्हा भिंतीकडे तोंड करील, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

तिसऱ्या वाफ्यापाशी धोंडिबाचं पाऊल रेंगाळलं. दुसरा हात नारळावर आला. मग तो पुढे निघाला.

"काय बाबा?" सेक्रेटरी मिहिरने विचारलं.

"नाय साहेब. इथं निस्ता खडक हाय."

"नीट बघितलंत?"

"चाळीस वर्सं हेच करतो." कालिंदीकडे न बघता तो पायताण शोधू लागला.

लोकांनी उभ्या उभ्याच बैठक उरकली.

"काकू, वाईट वाटतं," मिहिर म्हणाला. "पाणी लागलं असतं तर कोपऱ्यात बोअर घेऊन बाग मोठीच करणार होतो. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? सोमवारी पेव्हर ब्लॉक टाकू. गाड्या तरी लागतील."

"होळीपर्यंत थांबा की."

"सगळ्यांचं ठरलंय, काकू."

मुकुंदराव ढेकूळ फोडत होते. कालिंदीला धोंडिबाला हाक मारायची होती, पण कुठल्या तोंडाने मारणार?

काल बिडकीनला त्याच्या ओट्यावर तिनेच हात जोडले होते, "पाणी असलं तरी नाही म्हणा, बाबा. बोअरची गाडी आली तर माझे वाफे चिरडतील."