शत्रूची भाषा

"मास्टरजी, चलिए. सामान बाद में आ जाएगा."

दारात साध्या कपड्यातले दोघेजण उभे होते. चेन सर फळ्यावर लिहिता लिहिता थांबले. वर्गात त्यांची सगळ्यात जुनी विद्यार्थिनी सरला एकटीच होती. गेल्या महिन्यात, बासष्टच्या ऑक्टोबरात, चिनी फौजा सरहद्द ओलांडून आल्या आणि पहाडगंजातल्या या संध्याकाळच्या चिनी भाषेच्या वर्गातली बाकं भराभर रिकामी झाली. काल-परवापर्यंत पेकिंगला शिकायला जायच्या गप्पा मारणारी मुलं आता चेन सर रस्त्यात दिसले तर पलीकडच्या बाजूने जायची.

सरला उठली आणि सरांच्या पुढे येऊन उभी राहिली.

"कहाँ ले जा रहे हैं? सर कलकत्ते में पैदा हुए हैं. इन्होंने तो चीन देखा भी नहीं."

"ऊपर का हुक्म है. चेहरा देखिए इनका." त्यातला मोठा तिच्याकडे निरखून बघत म्हणाला, "आप सरकारी नौकरी में हैं ना? तो बीच में मत आइए."

तिने पाय मागे घेतला नाही. शेवटी चेन सरांनीच तिला हळूच बाजूला केलं. गळ्याभोवती मफलर गुंडाळला आणि आपल्या बंगाली वळणाच्या हिंदीत एवढंच म्हणाले, "क्लास बंद मत होने देना."

लोदी कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये तिचे वडील, अण्णा, तिची वाटच बघत होते. अण्णा सचिवालयात होते. सहा वर्षांपूर्वी चिनी पाहुणे आले तेव्हा पालमच्या विमानतळावर हार घेऊन उभे राहिलेल्यांत तेही होते. तो फोटो कालपर्यंत बैठकीत टांगलेला होता. आज तिथे नुसता खिळा होता. कुठल्याच गटात नाही म्हणून मान ताठ ठेवणारं त्यांचं ऑफिस आता अमेरिकेची विमानं कधी उतरतात याकडे डोळे लावून बसलं होतं. कालचा भाऊ वैरी झाला होता, आणि ज्यांना चार हात लांब ठेवलं त्यांच्यापुढेच हात पसरायची वेळ आली होती. अण्णांना ते फार लागलं होतं.

"उद्यापासून तो क्लास बंद," ते म्हणाले. "आपल्या जवानांवर गोळ्या झाडणाऱ्यांची भाषा माझ्या घरात नको. बिल्कुल नको."

"चेन सरांनी कोणावर गोळी झाडली, अण्णा?"

"मला तोंड वर करून विचारू नकोस!"

"विचारणार. आज माझ्या डोळ्यांदेखत त्यांना घेऊन गेले. त्यांचा चेहरा चिनी आहे, एवढाच त्यांचा गुन्हा. आणि शत्रू झाला म्हणून त्याची भाषा टाकून कसं चालेल? तो काय बोलतो हे आता तर जास्तच कळायला हवं."

अण्णांनी ताट दूर सारलं आणि न जेवताच उठले. सरलाही जेवली नाही.

तिने बरंच केलं. वर्ग चालवणाऱ्या संस्थेत खेपा घातल्या, पोलीस चौकीत जाऊन बसली. सरांना कुठे ठेवलंय ते कोणी सांगेना. शेवटी ऑफिसात साहेबांनी बोलावून समज दिली, "मिस देवधर, अशा वेळी लोक माणसाच्या ओळखीपाळखी बघतात."

लढाई थांबली आणि थोड्याच दिवसांत संस्थेतून निरोप आला. चिनीचा वर्ग पुन्हा सुरू होतोय, शिकवायला या. दिल्लीत दुसरं कोणी मिळत नाही.

सरला वर्गात शिरली आणि दारातच थबकली. एकही बाक रिकामं नव्हतं. सगळे फौजी अधिकारी, गणवेशातले, ताठ बसलेले. ती आत येताच सगळे एकदम उभे राहिले.

पुढच्या बाकावरचे कर्नल बक्षी वयाने अण्णांएवढे असतील. ते म्हणाले, "मैडम, यह पड़ोसी अब कहीं जाने वाला नहीं. जहाज़ अमरीका दे देगा, बंदूकें विलायत. कान तो अपने ही चाहिए. हमें सिखाइए."

सरलाने खडू उचलला. पहिल्या दिवशी 'नमस्कार, आपण कसे आहात' शिकवायचं, ही इथली रीत. तिचा हात क्षणभर फळ्याजवळ घुटमळला. नोकरी, क्वार्टर, अण्णांची निवृत्तीपर्यंतची दोन वर्षं, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. मग तिने ठळक अक्षरात एक वेगळंच वाक्य लिहिलं आणि सावकाश वाचून दाखवलं.

"वो मन द लाओशी त्साय नाली?"

"वो मन द लाओशी त्साय नाली?" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला. कवायतीची सवय असलेले आवाज. खिडकीची तावदानं थरथरली. तिने पुन्हा म्हणायला लावलं. त्यांनी पुन्हा म्हटलं. बाहेर व्हरांड्यात संस्थेचे सेक्रेटरी कौतुकाने येऊन उभे राहिले.

"बहुत अच्छा," कर्नल बक्षी वहीवरून मान वर करत म्हणाले. "मतलब क्या हुआ इसका?"

सरलाने खडू खाली ठेवला आणि त्यांच्या नजरेला नजर दिली.

"हमारे मास्टरजी कहाँ हैं?"

व्हरांड्यातले सेक्रेटरी घाईघाईने आत आले आणि दोन पावलांतच थांबले. कर्नल बक्षींनी वाक्याखाली त्याचा अर्थ वहीत लिहिला. मग ते उठून उभे राहिले आणि मागे वळले.

"फिर से," त्यांनी वर्गाला हुकूम दिला.

या वेळी अर्थ सगळ्यांना ठाऊक होता, आणि आवाज मघापेक्षा मोठा होता.