भूत ओढायचं मशीन

बारा वर्षांत मंगल सासूला कधी उलटून बोलली नव्हती. त्या सकाळी मात्र ती ठणकावून म्हणाली, "औंदा पंचमीला मी माहेरी जानार!"

झालं! "हिला बाहेरचं लागलंय," म्हणत सासूनं पासली गावच्या देवऋष्याला बोलावणं धाडलं. तो लिंबू घेऊन ओसरीवर बसला, तशी मंगलची धास्तावलेली लेक सारिका मामानं दिलेला व्हिडिओ गेम घेऊन चुलीपुढं आईला बिलगली.

"आये, ह्यात भुतं वढायचं मशीन हाय. म्या त्याची ताकद तीनदा वाढवलीय. तुझं भूत वढून घिऊ?"

मंगल ओसरीपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ऱ्हाऊ दे गं बाय. बारा वर्सांनी कुठं त्येला वाचा फुटलीया!"