गरम मूठ

एवढे पैसे ओतून जुनं पिस्तूल घेतलं आणि आठवड्यातच माझं मन मला खाऊ लागलं. कपाटात कुलूपबंद असूनही त्याची मूठ जेव्हा हात लावावा तेव्हा गरमच लागायची, कुणीतरी नुकतीच धरून सोडल्यासारखी.

"अहो, झाली ना हौस? आता परत करून टाका," बायको म्हणाली.

पिस्तूल त्याच्या डब्यात घालून दोघंही ते घेतलं त्या दुकानात गेलो. दुकानदाराने मूठ चाचपली आणि ओळखीचं माणूस भेटावं तसा हसला.

"परत घेतो की. हे दर वेळी परत येतंच."

"मग घ्या."

"तुमच्याकडून नाही, साहेब." त्याने डबा माझ्या हातात दिला आणि बायकोकडे वळला. "वहिनी, सोमवारी या. सगळ्या एकट्याच येतात."

बायकोने विचारलं, "किती वाजता उघडता?"