हिरवी कड

"उंदरांचा पाळणा हलवायचा पगार घेते, घरचा मात्र हलेना," माझी प्रयोगशाळा बघायला आलेल्या सासूबाई पाठीमागे पुटपुटल्या. न ऐकल्यासारखं करून मी त्यांना अंधाऱ्या खोलीत सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं. उंदराच्या घडत्या शुक्रपेशी हिरव्या कडांनी उजळल्या होत्या, जणू पाण्याखाली कुणी दिवे सोडलेत. "हिरवी कड म्हणजे पेशीच्या आवरणातलं प्रथिन, आई." मी दुसऱ्या उंदराची काच लावली. इथे नुसतेच पेशींच्या केंद्रकांचे निळे ठिपके तरंगत होते. "यांच्यात ते घडलंच नाही. पेशी धडधाकट दिसतात, धावतात, पण बीजांडाला बिलगता येत नाही. मादी कितीही निरोगी असो, पिल्लू होत नाही." त्या बघतच राहिल्या. कमतरता नवऱ्यात असल्याचं घरात त्यांच्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं. सांगायला कुणाचीच जीभ रेटेना. भिंगावरचा डोळा न हलवता त्या म्हणाल्या, "दोष माझ्या लेकात, आणि बोलणी खातेस तू."