कप मेस्सीनेच उचलला

कावळा काही केल्या पिंडाला शिवेना.

नर्मदेकाठी नेमावरच्या घाटावर ऊन चढलं होतं. कडुनिंबावर कावळे बसले होते, पण खाली उतरायला एकही राजी नव्हता. पिंडाशेजारी मननची निळी-पांढरी जर्सी घडी करून ठेवली होती, दहा नंबरची. महिन्यापूर्वी याच पायऱ्यांवर ती सापडली होती, चपलांसकट. नर्मदेने देह काही परत दिला नाही. वाट बघून बघून शेवटी दर्भाचा पुतळा करून अग्नी दिला. आज दहावा.

"मनूची इच्छा अडलीय," त्याची आई कमल म्हणाली.

इच्छा कोणती, ते देवासात सगळ्यांना ठाऊक होतं. पोराला फुटबॉलचं वेड. वर्ल्डकपात अर्जेंटिनाच्या पहिल्या सामन्याआधी तो चौकात छातीठोकपणे म्हणाला होता, "सौदीवाले किस झाड की पत्ती! मेस्सी एकटा पुरेसा आहे." त्याच्या शब्दावर देवासातला गुंड राजवीर याने मोठा सट्टा लावला आणि अर्जेंटिना हरली. राजवीर हरून गप्प बसणाऱ्यांतला नव्हता. त्याची माणसं मननला गल्लोगल्ली शोधू लागली. मग एका सकाळी घाटावर चपला सापडल्या.

राजवीर आजही आला होता. वरच्या पायरीपाशी मोटरसायकलला टेकून उभा होता. माणसाला थोडी तरी लाज असावी! पण त्याला जा म्हणायची कुणाची छाती नव्हती.

मननची बहीण ऋजुता पुढे झाली. "दादा, कप आपणच जिंकलो रे. फायनलला फ्रान्सच्या एम्बापेने तीन गोल मारले, पार जीव काढला. मग पेनल्टीवर जिंकलो. आपल्या मार्टिनेझने अडवली एक. कप मेस्सीनेच उचलला, दादा. तू बघायला हवा होतास."

कावळे ढिम्म.

"दर्भाचा कावळा करून शिववू या," भास्करगुरुजी हळूच म्हणाले. "शास्त्रात सोय आहे."

"नको," मननचे वडील श्रीपादराव म्हणाले. महिनाभरात त्यांना कुणी रडताना पाहिलं नव्हतं. "खराच कावळा शिवला पाहिजे."

"अहो, ऊन किती झालंय. किती वेळ बसणार?"

"बसेन."

राजवीर दोन पायऱ्या खाली आला. "काका, सुना है आप मराठी लोगों में कौवा झूठ नहीं बोलता."

"खरं आहे," श्रीपादराव त्याच्याकडे न बघता म्हणाले.

मग कमल जमिनीवर बसली. पदर पसरून म्हणाली, "मनू, बाबांना मी सांभाळीन. ऋजुताचं मी बघीन. आता तुला कुणाची भीती नाही रे राजा. जा तू."

एक कावळा उतरला. मान वाकडी करून त्याने सगळ्यांकडे पाहिलं आणि भाताच्या पिंडात चोच घातली.

कमलने हात जोडले आणि ती हमसून हमसून रडली. ऋजुताने तिला पोटाशी धरलं. राजवीरने पिंडाकडे बराच वेळ पाहिलं, मग कानाला हात लावला.

"मेरी तरफ से बात खतम, काका. लड़के की आत्मा को शांति मिले."

मोटरसायकलचा आवाज पुलापलीकडे विरेपर्यंत श्रीपादराव जागचे हलले नाहीत. मग बायको-मुलीला ऐकू जाणार नाही इतके लांब, पाण्याच्या कडेला गेले. त्यांनी फोन लावला. बराच वेळ घंटी वाजली. पलीकडून तो उचलला गेला.

"मनू, राजवीर गेला! कावळा शिवला रे! आता मनावर गावातली ती खोली सोड आणि घरी ये."

पलीकडे कुणीतरी घसा साफ केला.

"भिया, मनावर अस्पताल से बोल रहा हूँ. ये फोन जिसका है, आप उसके कौन लगते हो?"