भांडण चालू ठेव

मुरुडच्या ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये बचत गटाच्या बायका हातात फोन धरून बसल्या होत्या. लातूरहून आलेल्या मॅडम शिकवत होत्या. "व्हॉट्सॲप उघडा. वर तीन ठिपके. आता 'लिंक केलेली डिव्हाइस' बघा."

बाकीच्यांच्या फोनवर काही नव्हतं. सुकन्याच्या फोनवर एक ओळ होती. विंडोज. आज, अकरा वाजून दहा मिनिटं.

"घरी कॉम्प्युटर आहे?" मॅडमनी वाकून विचारलं.

"ह्येंच्या दुकानात हाय."

"मग तुमचं आलेलं, गेलेलं सगळं तिथं दिसतं."

सुकन्या त्या ओळीकडं बघत राहिली. दिवाळीत नवऱ्यानं, अमरेशनं, 'साफ करून देतो' म्हणून फोन दुकानात नेला होता. पुढं अंगणवाडीत मदतनिसाचा फॉर्म भरायचं तिनं फक्त धाकट्या बहिणीला, अंजूला, लिहिलं. त्याच दिवशी जेवताना अमरेश शांतपणे म्हणाला, "नोकरी करणार हाईस म्हणं." मग दोन दिवस खोलीला बाहेरून कडी होती. बाहेर आल्यावर तिनं अंजूला एकच ओळ पाठवली. तूच सांगितलंस. अंजूनं शपथा घेतल्या, मग तीही चिडली. तीन महिने झाले, दोघी बोलत नव्हत्या.

"त्या ओळीवर दाबा. लॉग आउट होईल," मॅडम म्हणाल्या.

"दाबलं की त्येंना कळंल." सुकन्यानं मान वर केली नाही. "मग फोन बी जाईल आन् इथं येणं बी."

मॅडमनी आपल्या फोनवर त्या ओळीचा फोटो काढला. "हा पुरावा माझ्याजवळ राहील. माझा नंबर सेव्ह करू नका. पाठ करा."

सुकन्यानं तीनदा म्हणून दाखवला. मग शेजारच्या गौरम्माचा फोन मागून घेतला, मागच्या पायरीवर जाऊन अंजूला लावला.

"कोण?"

"अक्का बोलायले."

अंजूनं फोन ठेवायच्या आत सुकन्या घाईनं बोलली.

"तू न्हाई सांगितलंस. आज कळलं मला." तिनं कसं कळलं ते सांगितलं.

अंजू रडायला लागली. "अक्का, मी निघते. येते तिकडं."

"आत्ता नको. आन् माझ्या फोनवर गोडीनं काही लिहू नको. त्ये वाचत्यात. भांडण चालू ठेव."

ती परत जागेवर येऊन बसली. थोड्या वेळानं तिचा फोन वाजला. अंजूचा मेसेज होता. 'तू माझी कोणी नाहीस. परत तोंड दाखवू नको.'

दुकानात अमरेशनंही तो वाचला असणार. सुकन्यानं पदरानं डोळे पुसले आणि उत्तर लिहिलं, 'तूबी मला मेलीस.' अंजूनं वाचल्याच्या निळ्या खुणा उमटेपर्यंत तिनं पडद्यावरून नजर काढली नाही.