वाळवीने खाल्लेलं डोकं

“एवढा तुरा तासून टाका ताई, की काम झालं,” लाकडी ठशावरच्या पक्ष्यावर बोट ठेवत इंटिरिअर डिझायनर म्हणाला.

वृंदाने पटाशी उचलली नाही. बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता आणि हा त्यांच्या हातचा शेवटचा ठसा होता.

गिऱ्हाइकाच्या बंगल्यातला जुना फ्रेंच भिंतकागद हुबेहूब छापून द्यायचा होता. नमुन्याच्या तुकड्यावर वेली शाबूत होत्या, पक्ष्याचं डोकं मात्र वाळवीने खाल्लेलं. बाबांनी खिडकीबाहेरच्या तारेवर बसलेला बुलबुल पाहिला आणि त्याचंच डोकं कोरलं, तुऱ्यासकट.

“बाबा, पक्षी फ्रान्सचा आहे,” ती हसली होती.

“वाळवी इथलीच ना? मग भरपाईही इथलीच.”

“अस्सल हवंय त्यांना,” डिझायनर सांगत होता. “म्हाताऱ्या माणसाच्या हातून व्हायचीच चूक. मी समजू शकतो.”

त्या समजूतदारपणाने तिची कानशिलं तापली, पण तिने आवाज चढू दिला नाही. “अस्सलच देते,” ती म्हणाली.

तिने ठशाला रंग लावला. पक्ष्याचं डोकं उमटणार होतं तिथे कोऱ्या कागदावर रद्दीचा एक कपटा ठेवला, ठसा दाबला, उचलला आणि कपटा काढून घेतला. वेलीवर मुंडकं नसलेला पक्षी बसला होता.

“हा घ्या अस्सल. वाळवीने ठेवला तेवढाच. सांगा त्यांना, अख्खी भिंत अशी छापून देते.”

ती तुऱ्याच्या रेघांमधला रंग ओल्या फडक्याने पुसू लागली, जपून.